प्रार्थनेतून उठून करायची एक गोष्ट

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३६, लग्नाला दहा वर्षं, दोन मुलं, लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेले. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. ते लिहितात: "दर वर्षी संजीवन सभेत (विश्वास ताजा करण्यासाठी भरणाऱ्या सभेत) मी उभा राहतो, रडतो, जीवन पुन्हा प्रभूला देतो. पंधरा-वीस दिवस बरे जातात. मग घरी पुन्हा तोच संताप, बायकोवर ओरडणं, मुलांसमोर ताट भिरकावणं. रात्री मोबाइलवर पुन्हा तेच घाणेरडं पाहणं. एक भाऊ म्हणतात तुमचा विश्वास कमी पडतो, दुसरे म्हणतात मोठा उपास करा. गेल्या दोन वेळा मी प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेतलं नाही. विजयी ख्रिस्ती जीवन खरंच असतं का, की ते फक्त पुलपिटावरून सांगायचं असतं?" आणि अगदी शेवटी, सही करण्याआधी, एक ओळ: "दोन वर्षांपूर्वी मंडळीच्या तरुण संघाचा खजिनदार असताना शिबिराच्या पैशातले १८,००० रुपये मी घरखर्चाला वापरले, अजून भरले नाहीत, पण तो विषय वेगळा आहे."

प्रिय भाऊ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तो विषय वेगळा नाही. उत्तराची सुरुवात आम्ही तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासूनच करतो. संताप आणि रात्रीचा मोबाइल यांच्याविषयी तुम्ही दोन पानं लिहिलीत, त्यांच्याशी वर्षानुवर्षं झुंजताहात, त्यांच्यासाठी रडताहात. त्या १८,००० रुपयांविषयी मात्र तुम्ही देवाकडे काहीच मागत नाही, कारण तिथे काय करायचं ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे. जे करायला बळ पुरत नाही त्यासाठी प्रार्थना, आणि जे उद्या सकाळी करता येईल ते बाजूला, अशी वाटणी बऱ्याच विश्वासणाऱ्यांच्या आयुष्यात होते. तिथेच विजय अडतो.

यहोशवाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय आज रात्री वाचा. यरीहोसारखं तटबंदीचं शहर पडलं, आणि लगेच आय नावाच्या छोट्या गावापुढे इस्राएलाचे तीनेक हजार लोक पळाले. ३६ जण मारले गेले. त्यांचा पुढारी यहोशवा यानं कपडे फाडले आणि संध्याकाळपर्यंत कराराच्या कोशापुढे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीपुढे, पालथा पडून राहिला. प्रार्थना खरी होती, दुःख खरं होतं. देवानं त्याला सांगितलं ते असं: ऊठ, पालथा का पडला आहेस? यरीहोच्या लुटीतलं काही घेऊ नका अशी आज्ञा असताना आखान नावाच्या माणसानं चोरी केली होती; त्याच्या डेऱ्यात जमिनीखाली शिनारचा एक झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट पुरलेली होती. ते बाहेर निघेपर्यंत आणखी प्रार्थना करून काही होणार नव्हतं. पुढे आठव्या अध्यायात तेच गाव, तोच शत्रू, आणि देव सांगतो की भिऊ नको.

आखानाचा शेवट भयंकर झाला हे आम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला घाबरवण्यासाठी तो प्रसंग आम्ही काढलेला नाही. तुमच्या पापाची शिक्षा ख्रिस्तानं वधस्तंभावर घेतली आहे. ज्या अखोर खोऱ्यात आखानाचा न्याय झाला, तेच खोरं मी आशेचं दार करीन असं देव पुढे होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो. पण त्या दारातून जायचं तर पुरलेलं उकरावंच लागतं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, नाहीतर पुढचं सगळं बिघडेल. पैसे भरल्यामुळे देव तुम्हाला स्वीकारणार आहे असं नाही. तुम्ही पापी असतानाच ख्रिस्त तुमच्यासाठी मेला, असं रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय सांगतो. स्वीकार आधी झाला आहे, आज्ञापालन त्याच्या मागून येतं. हा क्रम उलटा केलात तर पैसे भरणं म्हणजे देवाशी केलेला सौदा होतो. आणि सौदा केलेला माणूस पुढच्या वेळी पडला की देवावरच रुसतो. विश्वास म्हणजे ख्रिस्तानं जे पूर्ण केलं त्यावर पाय रोवणं. तिथे उभं राहून, आज कळलेली आज्ञा आज पाळायची.

तर ती आज्ञा पाळायची कशी?

लेवीयाच्या सहाव्या अध्यायात असा नियम आहे: दुसऱ्याचं दडवलेलं पूर्ण परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत देईन म्हटलं ते आनंदानं. त्याला कुणी हिशेब लावून दिला नव्हता. आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, त्यामुळे पाचव्या हिश्शाची सक्ती आम्ही तुमच्यावर करत नाही. तरी सल्ला तोच देऊ, कारण दोन वर्षं संघाचे पैसे तुमच्याकडे अडकले आणि तेवढ्यात संघाची काही कामं राहिली असणार. १८,००० चा पाचवा हिस्सा ३,६००. एकूण २१,६००. एकरकमी जमत नसेल तर ३,६०० चे सहा हप्ते. तारखा ठरवून लिहून द्या, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख असेल तर उत्तम.

आधी पत्नीला सांगा. हप्ते जाणार ते घरातूनच, आणि दुसऱ्याकडून कळलं तर तिचं दुःख दुप्पट होईल. मुलं झोपल्यावर, मोबाइल बाजूला ठेवून, पाच मिनिटांत. ती रागावली तर ऐकून घ्या. त्या रात्री तुमचा बचाव करू नका, तिच्याकडून क्षमाही लगेच मागून घेऊ नका. क्षमा करायला तिला वेळ लागेल आणि तो वेळ तिचा आहे.

मग पाळकसाहेब आणि संघाचे सध्याचे अध्यक्ष, दोघांना एकत्र भेटा. एकट्या पाळकसाहेबांना सांगितलं तर ते प्रेमापोटी प्रकरण झाकतील अशी शक्यता असते, आणि मग त्यांच्यावरही ओझं येतं. बोलायचं एवढंच: "अमुक वर्षीच्या शिबिरासाठी जमलेल्या पैशातले १८,००० रुपये मी स्वतःसाठी वापरले. वहीत मी खोटी नोंद केली. हे पाप आहे. मी पैसे परत करतोय, ह्या तारखा." इथे थांबा. त्या वेळी घरात आजारपण होतं, पगार उशिरा झाला, परत करायचाच विचार होता, हे खरं असलं तरी त्या बैठकीत नको. कबुलीत "पण" आला की ऐकणाऱ्याला कबुली ऐकू येत नाही, फक्त सबब ऐकू येते. वहीत खोटी नोंद नसेल, नुसती रक्कम दडवलेली असेल, तर तसं सांगा. जेवढं केलं तेवढंच, कमी नाही आणि जास्तही नाही.

रोख रक्कम गुपचूप अर्पणपेटीत टाकण्याचा मोह होईल. तसं करू नका. त्यानं पैसे येतात, पण वहीतलं खोटं तसंच राहतं आणि पुढचा खजिनदार त्या खोट्याचा वारस होतो. चेकनं किंवा खात्यात भरा, पावती घ्या, वहीत दुरुस्तीची नोंद करायला लावा आणि मंडळीचे हिशेब तपासले जात असतील तर तपासणाऱ्यांनाही ती नोंद दाखवली जाईल असं बघा.

परिणाम येतील. मंडळीचा कारभार पाहणारे पंच तुम्हाला काही काळ पदावर ठेवणार नाहीत, कदाचित बायबल वाचनाला उभं राहू देणार नाहीत. त्यांना वाटलं तर ते पोलिसांत जाऊ शकतात. तो त्यांचा हक्क आहे. गावात बोलणी होतील. या कशावरही घासाघीस करू नका. "मी स्वतःहून सांगितलं तरी असं?" हे वाक्य तोंडातून निघालं की समजा, पश्चात्ताप संपून व्यवहार सुरू झाला.

हे झाल्यावर संताप आपोआप जाईल का? नाही. मात्र दोन वर्षं एखादी गोष्ट लपवणारा माणूस सतत चिडलेला असतो. कुणी हिशेबाचं नाव काढलं, पत्नीनं खर्च विचारला, मुलानं वहीसाठी पैसे मागितले की आतली भीती संताप होऊन बाहेर येते. तुमच्या पत्रातले संतापाचे तीन प्रसंग आम्ही पुन्हा वाचले. त्यातले दोन पैशावरून आहेत. तेव्हा एक मूळ निघेल. उरलेल्या सवयीशी रोज झगडावं लागेल, आणि तिथे आता विश्वास कसा वापरायचा ते पाहू.

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल तीन गोष्टी एका क्रमानं मांडतो. सहाव्या वचनात जाणून घ्यायची गोष्ट: आपला जुना माणूस ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला. अकराव्या वचनात ते खरं मानून चालणं. तेराव्या वचनात आपले अवयव देवाला सोपवणं. तुम्ही सभेत तिसऱ्यापासून सुरुवात करता, म्हणजे समर्पणापासून, आणि तेही एकदम सगळ्या जीवनाचं. सगळं जीवन एका हुंदक्यात दिलं की त्यातलं नक्की काय दिलं ते घरी आल्यावर आठवत नाही. रोज सकाळी, दात घासण्याआधी चालेल, नाव घेऊन द्या: "प्रभू, ही जीभ आज तुझी. हे डोळे तुझे. मोबाइल सरकवणारा हा अंगठा तुझा." मोठ्यानं म्हणा, मनात नको. आणि त्याआधी पहिल्या दोन गोष्टी म्हणा, की मी ख्रिस्ताबरोबर मेलो आणि त्याच्याबरोबर जिवंत आहे. वाटो न वाटो. भावना मागून येतात, कधी येतही नाहीत. तुमचा विश्वास कमी पडतो असं सांगणाऱ्या भावांना विश्वास म्हणजे जोरदार वाटणं असं म्हणायचं असेल, तर ते चुकतात. मोहरीएवढा विश्वासही डोंगर हलवतो, हे प्रभूचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. विश्वास कुणावर आहे, हे बघायचं.

याकोबाच्या पत्रातलं ४:७ तुम्हाला पाठ असेल: सैतानाला अडवा म्हणजे तो पळून जाईल. त्याच वचनाचा पहिला भाग बहुतेक जण गाळतात. आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा. अधीन न होता अडवणं म्हणजे रात्री साडेअकराला हातात मोबाइल धरून "सैताना, निघून जा" म्हणणं. तो जात नाही, कारण बोलावणं तुमच्याच हातात चालू आहे.

म्हणून मोबाइलबद्दल थोडक्यात. रोमकरांस १३:१४ मध्ये देहवासनेसाठी तरतूद करू नका असं पौल सांगतो. चार्जर स्वयंपाकघरात न्या. रात्री साडेनऊला मोबाइल तिथे, सकाळी तिथूनच उचलायचा. गजरासाठी साधं घड्याळ घ्या. नको ते अडवणाऱ्या ॲपचा पासवर्ड पत्नीनं ठेवायचा. मालकाच्या बायकोनं गळ घातली तेव्हा योसेफ त्या मालकाच्या, पोटीफराच्या, घरातून पळाला आणि झगा तिथेच राहिला. त्यानं तिथे थांबून प्रार्थनासभा घेतली नाही. काही पापांना तोंड देऊन उभं राहायचं नसतं, तिथून निघून जायचं असतं.

संतापाचं वेगळं आहे, त्यापासून पळता येत नाही कारण तो घरातच येतो. आठ दिवस एका वहीत लिहा: किती वाजता, कशावरून, त्याआधी काय खाल्लं होतं, त्याआधी कुणाशी काय बोलणं झालं. बहुतेकांच्या वहीत एक ठरावीक वेळ सापडते, बहुधा कामावरून आल्यानंतरचा पहिला अर्धा तास. ती वेळ सापडली की त्याआधीची प्रार्थना दारात करा, घरात शिरल्यावर नको. दोन मिनिटं पुरे. हातपाय धुऊन काहीतरी खाल्ल्याशिवाय पैशाचा किंवा अभ्यासाचा विषय काढायचा नाही असं पत्नीशी ठरवून टाका. आणि ओरडलातच, तर त्याच दिवशी, मुलं झोपण्याआधी, त्यांच्या उंचीला बसून म्हणा: "मी ओरडलो, ते चुकलं. मला क्षमा कर." तू अभ्यास केला असतास तर, हे पुढे जोडू नका. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. लेकराशीही समेट करावा लागतो. अंगावर हात टाकण्यापर्यंत गोष्ट कधी गेली असेल तर ती पाळकसाहेबांच्या भेटीत सांगा आणि समुपदेशकाची मदत घ्या; तिथे नुसता सल्ला पुरत नाही.

मोहाच्या क्षणी तोंडात वचन हवं. अरण्यात प्रभू येशूनं तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातून उत्तर दिलं, आठव्या अध्यायातून एकदा आणि सहाव्यातून दोनदा. उत्तरं छोटी आहेत, त्यात वादविवाद नाही. तुम्हीही आठवड्याला एक असं पाठ करा: पहिल्या आठवड्यात नीतिसूत्रे १५:१, मग याकोब १:१९-२०, मग ईयोब ३१:१, चौथ्या आठवड्यात रोमकरांस ८:१. दोन्ही जेवणांआधी एकदा म्हणा. महिन्यात चार वचनं होतात. एकदम वीस पाठ करायला घेतलेले लोक दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात, म्हणून चारच.

सकाळचं वाचन वीस मिनिटं. मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तर महिनाभर पुरतं. वाचून झाल्यावर एकच ओळ लिहा: आज यातलं काय करायचं आहे. "प्रेम करायचं" असं लिहू नका. "आईला दुपारी फोन करायचा", "शेजाऱ्याची शिडी परत द्यायची" असं लिहा. संध्याकाळी त्यापुढे झालं किंवा नाही झालं अशी खूण करा. सलग तीन दिवस नाही झालं तर नवीन अध्याय वाचू नका. राहिलेलं करा, मग पुढे जा. वचनाचं ज्ञान वाढत जातं आणि पाळणं तिथेच राहतं, तेव्हा माणूस कठोर होतो. सगळं नष्ट करायची आज्ञा असताना शौल राजानं अमालेकी लोकांची उत्तम मेंढरं राखून ठेवली आणि वर शमुवेल संदेष्ट्याला म्हणाला की मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. तो खोटं बोलतोय असं त्याला बहुधा वाटतही नव्हतं. अर्धवट आज्ञापालनाचा खरा धोका हाच.

मंडळीतला एक भाऊ निवडा, वयानं थोडा मोठा, तोंडाचा पक्का. दर बुधवारी पंधरा मिनिटं. त्यानं चारच प्रश्न विचारायचे: घरात आवाज चढला का? मोबाइल रात्री कुठे होता? हप्ता भरला का? आत्ता मला काही खोटं सांगितलंस का? पाचव्या मिनिटाला उत्तरं संपतात, उरलेली दहा मिनिटं दोघांनी प्रार्थना करायची. याकोब ५:१६ हेच सांगतं. बहीण नको, भाऊच. आणि व्हॉट्सॲपच्या गटावर नको.

उपासाबद्दल तुम्ही विचारलंत. एका दिवसाचा करा, आखडता वेळ ठेवा, पाणी प्या, मधुमेह असेल किंवा औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. पण पैसे भरायच्या आधी उपास नको. पुरलेली वस्तू तशीच ठेवून केलेला उपास यशयाच्या ५८ व्या अध्यायातल्या, देवाला न पटलेल्या उपासासारखा होईल, आणि देव तिथे काय म्हणतो ते वाचलंत तर भूक लागणार नाही.

एक खुलासा आमच्याकडून हवा. विजयी जीवनाची जी शिकवण आपल्या संजीवन सभांतून ऐकू येते, तिच्या प्रसारात १८७५ पासून इंग्लंडमध्ये केझिक इथे भरणाऱ्या सभांचा मोठा वाटा आहे. तिचा गाभा चांगला आहे: ख्रिस्त फक्त क्षमा करत नाही, तो पापाच्या सत्तेतूनही सोडवतो. पण ऐकणाऱ्यांनी तिचा एक सोपा अर्थ काढला, की आपण काही करायचं नाही, सगळं सोडून द्यायचं, देव करील. मग माणूस वाट पाहत बसतो आणि देवानं केलं नाही म्हणून निराश होतो. फिलिप्पैकरांस २:१२-१३ मध्ये दोन्ही एका श्वासात आहेत: तुम्ही आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती निर्माण करणारा देव आहे. तो आत काम करतो म्हणूनच तुम्ही पाळकसाहेबांच्या दारापर्यंत चालू शकता. चालायचं मात्र तुम्हालाच.

पुन्हा पडाल का? बहुधा पडाल. त्या वेळेसाठी आत्ताच ठरवून ठेवा. त्याच तासात, रविवारची वाट न पाहता, पापाचं नाव घेऊन १ योहान १:९ प्रमाणे कबूल करा, ज्याला दुखावलं त्याच्याकडे जा आणि बुधवारच्या भावाला कळवा. नवस बोलू नका, "पुन्हा कधीच नाही" अशा शपथा नको. आणि आतला आवाज ओळखायला शिका. पवित्र आत्मा बोलतो तेव्हा नेमकं बोलतो: संध्याकाळी तू मुलावर ओरडलास, जा, क्षमा माग. दोष देणारा बोलतो तेव्हा सगळं एकत्र कालवतो: तू असाच आहेस, तुझ्यात काही बदल होणार नाही, तू ख्रिस्ती म्हणवायच्या लायकीचा नाहीस. पहिल्याचं ऐकून उठा. दुसऱ्याला रोमकरांस ८:१ ऐकवा, की ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही. पेत्र प्रभूला नाकारून पडण्याआधीच प्रभूनं त्याच्यासाठी प्रार्थना केली होती आणि वळल्यावर काय काम करायचं तेही सांगून ठेवलं होतं.

प्रगती मोजायची असेल तर किती दिवस पडलो नाही हे मोजू नका, त्यात गर्व तरी येतो किंवा भीती. पडणं आणि परत फिरणं यांतलं अंतर बघा. आज ते पुढच्या संजीवन सभेपर्यंत जातं, म्हणजे अकरा महिने. ते एका आठवड्यावर, मग एका रात्रीवर, मग एका तासावर आलं, तर विजय पुलपिटावरून खाली तुमच्या घरात आला आहे.

सगळ्यात नाजूक काळ दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याचा. कबुली दिल्यावर मन इतकं हलकं होतं की सगळं झालं असं वाटतं, आणि हप्ता लांबतो. म्हणून बँकेत आपोआप जाणारी सूचना देऊन ठेवा.

प्रभुभोजनापासून दूर राहणं मात्र बरोबर नाही. १ करिंथकरांस ११:२८ मध्ये स्वतःची परीक्षा करा आणि मग भाकर खा असं सांगितलं आहे. परीक्षा करा आणि घरी बसा असं नाही. पत्नीशी आणि पाळकसाहेबांशी बोलणं झालं की, पंचांनी काही काळ थांबायला सांगितलं नसेल तर, येत्या प्रभुभोजनाला बसा. सगळे हप्ते संपायची वाट पाहू नका.

आज रात्री पत्नीशी बोला, उद्या सकाळी दहाच्या आत पाळकसाहेबांना फोन करून भेटीची वेळ घ्या आणि त्याच फोनवर सांगा की अध्यक्षांनाही बोलवा. पहिल्या हप्त्याचा चेक लिहून सोबत न्या.